तळहातावरची धार

माणूस दुकानाची पायरी चढतो आणि बसायच्या आधीच विचारतो, "बार किती हाय याचा?"

पाण्याच्या धारेचा जोर बारमध्ये मोजतात, एवढं त्याला मोबाईलवर कळलेलं असतं. आकडा मोठा तेवढी मशीन चांगली, हे तो घरूनच ठरवून आलेला असतो. मी म्हणतो, बसा, पाणी प्या, आणि आधी मला सांगा तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो. यावर तो माझ्याकडे असा पाहतो, की आपण चुकून दुसऱ्याच दुकानात शिरलो काय.

अकोल्यात माझं पंप आणि मोटारींचं दुकान आहे. आता ते भाचा पाहतो. मी सकाळी दोन-तीन तास जाऊन बसतो आणि गिऱ्हाइकांचं डोकं खातो, असं त्याचं म्हणणं आहे. मूळ गाव तेल्हारा. तिथे कपाशीवर फवारायचे पाठीवरचे पंप दुरुस्त करत मी हा धंदा शिकलो. पुढे अकोल्याला आलो, पाण्याच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरली, आणि गेली दहा-बारा वर्षं जोरदार धारेने फरशी, गाडी, अंगण धुणाऱ्या या मशिनी विकल्या आणि दुरुस्त केल्या. प्रेशर वॉशर म्हणतात त्यांना. आधी त्या फक्त गाड्या धुणाऱ्यांकडे असायच्या. मग लहान आणि स्वस्त निघाल्या आणि घरोघरी आल्या.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, घरासाठी परवडणारी मशीन कशी निवडावी ते लिहा, लोकांच्या उपयोगाचं होईल. मी हो म्हटलं. लिहायला बसलो तर दीड पान सरळ गेलं आणि पुढे हात अडला. का अडला तेही सांगतो, पण आधी लोकांच्या उपयोगाचं.

घरचं अंगण, दुचाकी, गच्ची यांना शंभर बारच्या आसपासचा जोर भरपूर झाला. डब्यावर जो मोठा आकडा छापतात तो मशीन जास्तीत जास्त किती ताण घेईल त्याचा असतो. रोजच्या कामाचा आकडा त्याहून कमी असतो आणि बारीक अक्षरात असतो, तो वाचावा. मोटार दोन जातींची. एक कार्बनवाली, हलकी, स्वस्त आणि कर्कश. ती वीस मिनिटं चालवली की थोडी निवू द्यावी लागते. दुसरी इंडक्शनची, जड, शांत, महाग आणि वर्षानुवर्षं चालणारी. महिन्यातून दोनदा अंगण धुणाऱ्याने महागाच्या मागे लागू नये, त्याला कार्बनवाली पुरते. पंपाचं डोकं मात्र धातूचं पाहावं, प्लास्टिकचं नको. पाइप आठ मीटर तरी हवा.

आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बादलीतून किंवा ड्रममधून स्वतः पाणी ओढणारी मशीन घ्यावी. नळाला थेट जोडायची मशीन पुण्या-मुंबईकडे ठीक असेल. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, तेव्हा माणूस प्यायचं भरेल की अंगण धुवेल? पाण्याशिवाय मशीन कोरडी चालली की आतले सील जळालेच म्हणून समजा. तेल्हाऱ्याच्या खालच्या अंगाला खारपाणपट्टा आहे, तिथलं पाणी पंप खातं. तिथल्या माणसाला मी सांगतो, काम झालं की पाच मिनिटं गोडं पाणी काढ, नाहीतर वर्षाने पंप माझ्याकडे आणून रडू नको. गाळणी लावा. प्लगची तिसरी पिन तोडू नका. आणि घेण्याआधी विचारा, याचा सील नि धार सोडायची याची बंदूक आपल्या गावात मिळते काय. मिळत नसेल तर ती स्वस्त मशीन स्वस्त नाही.

एवढं ऐकूनही माणसं आकड्यावरच येतात. अमरावतीचे एक निवृत्त साहेब होते. तीन पानांचा तक्ता करून आले होते, त्यात सोळा मशिनी. मी चार प्रश्न विचारून एक लहान मशीन दाखवली, तर त्यांना ती अपमानासारखी वाटली. सगळ्यात मोठी घेऊन गेले. आठवड्याने फोन आला. घराचं फाटक धुताना रंग सुटला होता आणि फाटकावर रंगवून घेतलेलं नावही सोबत गेलं होतं. "मिस्त्री, फाटकावर माझं नावच राहिलं नाही," असं ते इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मला हसताही येईना.

दुसरे हिवरखेडचे एक बागायतदार. पोळ्याच्या आठवडाभर आधी आले. त्यांना मशीन बैल धुवायला हवी होती. मी नाही म्हणालो. जनावराचं कातडं आहे, फरशी नाही, म्हटलं, पोळ्याच्या दिवशी त्याला हाताने धुवायचं, खांद्याला तूप-हळद लावायची, आणि तुम्ही त्याच्यावर धार सोडणार? त्यांना राग आला, मलाही आला. ते तसेच परत गेले. हा किस्सा मी पुढे कितीतरी लोकांना छाती फुगवून सांगितला. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण मुक्या जनावराला इजा नको, असा आपला बाणा, वगैरे.

आता अडलेल्या जागेवर येतो.

फवारणीचा पंप दुरुस्त झाला की तो तपासायची आमच्याकडे एकच रीत. टाकीत साधं पाणी भरायचं, दांडा मारायचा आणि नळीच्या टोकापुढे तळहात धरायचा. फवारा तळहातावर सारखा बसतो काय, मध्ये थेंब टपकतो काय, हे डोळ्यांपेक्षा कातडीला लवकर कळतं. मिस्त्री तसंच पाहतो आणि शेतकरीही तसंच पाहतो. मी पाहिलं नाही तर गिऱ्हाईक स्वतः हात पुढे करून म्हणणार, "हातावर मारून पाह्य ना बाप्पा." वऱ्हाडात ज्याने म्हणून कपाशी फवारली त्याच्या हाताला ही सवय आहे. त्या पंपाचा जोर किती, तर तीन-चार बार. काही होत नाही.

नव्या मशिनी आल्या तेव्हा मी तीच रीत त्यांना लावली. बंदुकीला पसरट धारेचं टोक लावायचं, टोक चांगलं हातभर दूर ठेवायचं आणि गिऱ्हाइकासमोर धारेतून तळहात झर्रकन फिरवायचा. झिणझिण्या येतात, बाकी काही नाही. माणसं पाहत राहायची. मला ते आवडायचं. दूर धरायचं, पसरट टोकच लावायचं, हे मला माहीत होतं. पाहणाऱ्याला ते दिसत नव्हतं. त्याला फक्त एवढंच दिसायचं, की मिस्त्री धारेत हात घालतो.

बार्शीटाकळीचे रफिकभाई टेलर माझे जुने स्नेही. माझ्या लग्नाच्या कोटापासून भाच्याच्या शेरवानीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. कॉलर अशी बसवायचे की मानेला कापड लागतंय हे कळू नये. त्यांच्या अंगणातल्या फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरायचं आणि त्यावरून त्यांच्या आई घसरून पडल्या, कमरेला मार बसला. रफिकभाई दुसऱ्याच दिवशी दुकानात आले. म्हणाले, "भाऊ, मले आकडे नका सांगू. अम्मी पुन्हा पडली नाही पायजे, आन मले झेपली पायजे. तुमी द्याल थे."

असं गिऱ्हाईक मिस्त्र्याला जन्मात दोन-चारदा मिळतं. मी त्यांच्यासाठी अर्धा दिवस खर्ची घातला. कार्बनची मोटार, धातूचं डोकं, बादलीतून पाणी ओढणारी, लांब पाइप, सुटे भाग माझ्याच दुकानात. बोअरच्या पाण्यासाठी वेगळी गाळणी बसवून दिली. आयुष्यात मी निवडलेली ती सगळ्यात बरोबर मशीन असावी. मग दुकानासमोर चालवून दाखवली आणि नेहमीप्रमाणे धारेतून हात फिरवला. डब्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. पहिल्याच पानावर हाताचं चित्र आणि त्यावर फुली, हे मला आता माहीत आहे. तेव्हा ती पुस्तिका इतर पुस्तिकांसारखी मी टेबलाच्या खणात टाकली. कोण वाचतो?

दोन महिन्यांनी एका दुपारी रफिकभाईंचा फोन आला. धार नीट येत नव्हती, टोकात बोअरच्या पाण्याचा क्षार अडकला असावा. बंदूक उजव्या हातात होती. टोक मोकळं झालं की नाही हे पाहायला त्यांनी डाव्या हाताची तर्जनी अगदी टोकाला लावली आणि घोडा दाबला. टोक एकधारी होतं आणि मोकळं झालेलं होतं. बोटाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. रक्त नाही, दुखत फारसं नाही, बोट फक्त बधिर वाटत होतं. "दवाखान्यात जाऊ काय?" असं त्यांनी मला विचारलं.

मी पंपासमोर बसलो होतो, हातात काम होतं. मी म्हणालो, "पाणीच तं हाय रफिकभाई. हळद लावा, सकाळपर्यंत बरं होते."

हे माझे शब्द. यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही. हातात तीस वर्षांचा अनुभव होता आणि तो सगळा तीन-चार बारचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमभाभींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. बोट काकडीएवढं सुजलं होतं, हात कोपरापर्यंत ठणकत होता, अंगात ताप होता. मी त्यांना अकोल्याला आणायला सांगितलं आणि ते पोहोचायच्या आधी दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनी बोट पाहिलं, कशाने झालं ते विचारलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी आम्हाला सोप्या भाषेत समजावलं. ही जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते. पण इतक्या जोराची धार कातडीच्या आत घुसते आणि साबण, घाण, जंतू सगळं घेऊन बोटाच्या आतून तळहाताकडे पसरते. वरून काही दिसत नाही, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस फसतो. पहिल्या काही तासांत बोट उघडून आतून धुवावं लागतं. तेवढे तास निघून गेले होते.

मग त्यांनी विचारलं, "रात्रभर घरी का थांबलात? हळद लावून बसायला कोणी सांगितलं?"

खोलीत आम्ही तिघं होतो. रफिकभाई खाटेवर, मी त्यांच्या उशाशी, भाभी माझ्या मागे. रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते म्हणाले, "कोनी नाही मॅडम. मलेच वाटलं."

तेव्हा मी तोंड उघडायला पाहिजे होतं. मी उघडलं नाही. माझी जीभ टाळूला चिकटली होती, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण खरं ते असं, की मला भीती वाटली. गावात नाव होतं, दुकानावर पाटी होती, आणि मागे भाभी उभ्या होत्या. बैलाच्या कातड्यासाठी मी हिवरखेडच्या माणसाशी भांडलो होतो. माणसाच्या बोटासाठी दोन शब्द बोलवले नाहीत.

तीनदा शस्त्रक्रिया झाली. तळहात वाचला, तर्जनी दुसऱ्या पेरापासून काढावी लागली. शिवणाऱ्या माणसाचा डावा हात म्हणजे काय, हे मला तोवर कळलं नव्हतं. उजवा हात कापड आत देतो, पण सुईखाली ते वळवतं डावीकडचं बोट. बाहीचा गोल, कॉलरचं टोक, सगळं त्या बोटावर. रफिकभाई सहा महिन्यांनी पुन्हा मशीनवर बसले ते उशांच्या खोळी, पडदे आणि पिशव्या शिवायला. सरळ शिलाई. शेरवानी सांगायला कोणी आलं तर ते दुसऱ्या टेलरचं नाव सांगतात, पत्ता समजावून देतात. मी एकदा समोर असतानाच असं झालं. मी उठून बाहेर गेलो.

त्यांनी मला कधी एका शब्दाने काही म्हटलं नाही. भाभींना माहीत नाही, असं मी धरून चाललो. दर ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येई. डॉक्टरकडे धावपळ केली, रात्रंदिवस सोबत राहिले, असं भाभी चार लोकांत माझं कौतुक करत. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि तरी मी डबा परत केला नाही, बोललो नाही.

दुकानात मी बदललो. धारेत हात घालणं त्याच दिवशी बंद झालं. आता मशीन घ्यायला कोणी आलं की मी एक बटाटा घेतो, विटेवर ठेवतो आणि एकधारी टोक जवळ नेऊन घोडा दाबतो. बटाटा आरपार जातो. मग सांगतो, धारेपुढे हात नाही, पाय नाही, जनावर नाही. टोक अडकलं तर आधी मशीन बंद करा, घोडा दाबून आतलं पाणी सोडा, टोक काढून तारेने साफ करा. टोकाला बोट लावायचं नाही. आणि कातडीवर टाचणीएवढं जरी लागलं तरी मला फोन करू नका, हळद लावू नका, सरळ दवाखाना गाठा आणि प्रेशर वॉशरची धार आत गेली असं तिथे स्पष्ट सांगा. काही गिऱ्हाइकं घाबरून मशीन न घेताच जातात. भाचा कपाळाला हात लावतो. लावू दे.

तर हा लेख लिहायला बसलो आणि मोटार, पाइप, गाळणी असं सगळं सांगून झाल्यावर या जागेवर येऊन थांबलो. हे न लिहिता लोकांना निवड शिकवणं म्हणजे पुन्हा तेच, पुस्तिका खणात टाकणं. आणि लिहिलं तर भाभी वाचणार. त्या मराठी शाळेत शिकलेल्या, दिवाळी अंक दरवर्षी माझ्याकडूनच मागून नेतात. छापलेल्या कागदावरून त्यांना कळावं हे मला पटेना. एका रविवारी सकाळी उठलो आणि बार्शीटाकळीला गेलो.

अंगण स्वच्छ धुतलेलं होतं. त्याच मशीनने, आता भाभी धुतात. रफिकभाई आत पडद्याला पट्टी लावत होते. आई खाटेवर बसून दाणे निवडत होत्या. भाभींनी चहा आणला. मी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. म्हटलं, भाभी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं ना, हळद लावायला कोणी सांगितलं? ते मी सांगितलं होतं. रफिकभाईंनी मला वाचवलं आणि मी गप्प राहिलो. हे मी दिवाळी अंकात लिहून राहिलो, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आलो.

आतली शिलाई थांबली.

भाभींनी पदर नीट केला, सासूबाईंच्या पुढचं सूप बाजूला सरकवलं, मग माझ्यासमोर खाली बसल्या.

"मले माहीत हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्यायचे हात ओले होते. फोन म्याच धरला होता ह्यायच्या कानाले. तुमचं बोलणं मले सगळं ऐकू आलं."

मला वाटलं, आता त्या मला बोलतील, आणि बोलल्या तर बरंच होईल. पण त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. आतल्या दाराकडे पाहत होत्या, तिथे रफिकभाई येऊन उभे होते.

"फोन ठेवल्यावरबी हे म्हणत होते, जाऊनच येऊ दवाखान्यात. चप्पलबी घातली होती. म्याच म्हटलं, भाऊ सांगून राहिले ना, मंग कायले जाता? कपडे द्याचे हायेत उद्या. हळद म्या कालवली भाऊ. म्याच लावली. डाक्टरीनबाईनं इचारलं तवा मी तुमच्या मागं उभी होती. तुमी बोलले नाही तं मीबी बोलली नाही."

रफिकभाई दारातच उभे राहिले. आईंना काही कळलं की नाही कोण जाणे, त्यांनी हात लांब करून भाभींच्या पाठीवर ठेवला. इतकी वर्षं मी त्या घरात जाऊन चहा पीत होतो आणि माझ्याशेजारी ही बाई तेच ओझं घेऊन बसलेली होती, माझ्या एका वाक्यामुळे. मी एकट्याने ते वाक्य कबूल केलं असतं तर त्यांच्या वाट्याचं अर्धं तरी त्याच दिवशी उतरलं असतं. मी हात जोडले.

निघताना भाभी फाटकापर्यंत आल्या. मी म्हटलं, तुमचं काही लिहीत नाही, काळजी करू नका, फक्त माझं लिहितो.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं लिहून राहिले तं माझंबी लिहा. कोन्या घरात कोनी बाई अशी हळद कालवत असंल, तिले समजलं पायजे."

म्हणून लिहिलं. नावं तेवढी मी बदलली आहेत.